चार प्लॉट, एक कुणगा

परवा रात्री साडेदहाला फोन वाजला. सकाळच्या पेजेचे तांदूळ निवडून मी उठतच होते. पलीकडे एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी, आवाज रडवेला. "ताई, माझं सगळं एन.एस. आलं. आता थिसिसमध्ये लिहू काय?"

एन.एस. म्हणजे नॉन-सिग्निफिकंट. खत देण्याच्या पद्धतींमध्ये जो फरक दिसतोय तो निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, असा त्याचा अर्थ. तिचा प्रयोग मी पाहिला होता. कुडाळ तालुक्यात, कर्लीच्या काठच्या एका गावात, उतारावरचे पाच कुणगे, म्हणजे पायऱ्यांसारखी भातखाचरं. रचना आरबीडीची, म्हणजे यादृच्छिक गट रचना. चार ट्रीटमेंट, म्हणजे खत देण्याच्या चार पद्धती; पाच रेप्लिकेशन, म्हणजे प्रत्येक कुणग्यात त्या चारही एकेकदा; असे वीस प्लॉट. जुलैच्या पावसात तिने स्वतः तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढला, दोरी धरून लावणी करून घेतली, आणि कापणीनंतर एकेका प्लॉटचं भात वेगळं झोडून वेगळं तोललं. भारे एकमेकांत मिसळतील या धास्तीने ती त्या दिवशी खळं सोडून जेवायलाही गेली नाही, हे मला तिच्या आईने सांगितलं होतं. अशा कष्टांपुढे "एन.एस." ही दोन अक्षरं फार जड असतात.

फाइल मागवून घेतली. ॲनोव्हा म्हणजे आकड्यांमधला फरक कशाकशामुळे पडला त्याची वाटणी. एक्सेलच्या डेटा ॲनालिसिसमध्ये तिने "ॲनोव्हा : सिंगल फॅक्टर" निवडलं होतं. आरबीडीला लागतं ते "ॲनोव्हा : टू-फॅक्टर विदाउट रेप्लिकेशन". मी तसं सांगितलं तर म्हणाली, "पण ताई, माझ्याकडे तर पाच रेप्लिकेशन आहेत. मग 'विदाउट' कसं निवडू?"

तिची शंका अगदी रास्त आहे, आणि शब्द नीट वाचणारी मुलंच इथे अडतात. आपण शेतीवाले ब्लॉकलाच, म्हणजे सारख्या जमिनीवरच्या प्लॉटांच्या गटाला (इथे एकेक कुणगा), रेप्लिकेशन म्हणतो. एक्सेलचं म्हणणं वेगळं असतं: ट्रीटमेंट आणि ब्लॉक यांच्या प्रत्येक चौकटीत आकडा किती वेळा आला? आरबीडीत तो एकदाच येतो, कारण प्रत्येक ब्लॉकमध्ये प्रत्येक ट्रीटमेंट एकदाच लावलेली असते. म्हणून "विदाउट". एका शब्दाचे दोन अर्थ, आणि त्यापायी वर्षभराची मेहनत एन.एस. होऊन बसते.

तिचे आकडे तिच्या थिसिसचे आहेत, ते इथे देत नाही. समजावण्यासाठी मी वहीत बेतलेले आकडे घेते, ठेवण तीच. २० चौरस मीटरचा प्लॉट, भात किलोमध्ये. ट्रीटमेंट अशा: अ म्हणजे युरिया फोकून, ब म्हणजे युरिया हप्त्यांनी, क म्हणजे युरिया-डीएपी ब्रिकेट (दाबून केलेल्या खताच्या गोळ्या) चिखलात खोचून, ड म्हणजे ब्रिकेट आणि जोडीला गिरिपुष्पाचा पाला. अ, ब, क, ड याच क्रमाने वाचा.

सर्वांत वरचा कुणगा: ६.३, ६.३, ६.१, ७.३
दुसरा: ६.०, ७.६, ७.६, ७.६
तिसरा: ७.६, ७.४, ८.६, ८.४
चौथा: ७.८, ९.४, ८.६, ८.६
तळचा: ८.८, ८.८, ९.६, ९.६

वहीत उतरवून घ्या आणि आडवं वाचण्याआधी उभं वाचा. दोन-तीन आकडे सोडले तर वरून खाली येताना भात वाढतच जातं. वरच्या कुणग्यातलं पाणी आणि त्याबरोबर माती खाली उतरते, हे उतारावर शेती करणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. एकूण बेरीज १५८, सरासरी ७.९ किलो. आता सगळ्या आकड्यांमधली जी चढउतार आहे तिची वाटणी करायची. एकूण वर्गबेरीज, म्हणजे प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर आहे त्याच्या वर्गांची बेरीज, येते २४.३२. त्यातली तब्बल १८.५६ कुणग्यांची आहे. ट्रीटमेंटची २.८०. उरलेली २.९६ ही त्रुटी, म्हणजे ज्याचं कारण आपल्याला सांगता येत नाही ते.

आता "सिंगल फॅक्टर" काय करतं? त्याला कुणगे माहीतच नाहीत. ते १८.५६ उचलून त्रुटीच्या पदरात टाकतं. त्रुटी होते २१.५२, तिच्या स्वातंत्र्य मात्रा (वर्गबेरजेला ज्या संख्येने भागायचं ती) १६, आणि ट्रीटमेंटचं एफ मूल्य, म्हणजे ट्रीटमेंटचा फरक त्रुटीच्या किती पट आहे ते, येतं ०.६९. सिग्निफिकंट ठरायला ओलांडायचं कोष्टकातलं ५ टक्के पातळीचं मूल्य ३.२४. झालं, एन.एस. तेच आकडे ब्लॉकसकट सोडवले की त्रुटीच्या मात्रा १२ होतात, तिची सरासरी वर्गबेरीज (२.९६ भागिले १२) ०.२४७, आणि एफ ३.७८. कोष्टकात ३.४९. सिग्निफिकंट! सीव्ही, म्हणजे सरासरीच्या तुलनेत त्रुटी किती टक्के ते, १४.७ वरून ६.३ टक्क्यांवर उतरतो.

ब्लॉक फुकट मिळत नाहीत हेही यात दिसतं. पाच ब्लॉकसाठी त्रुटीच्या चार मात्रा मोजाव्या लागल्या, म्हणून ओलांडायची पायरी ३.२४ वरून ३.४९ वर गेली. जमीन सगळीकडे सारखीच असती तर ही किंमत वाया गेली असती. कोकणातल्या उतारावर मला ती वाया गेलेली क्वचितच दिसली.

सीडी, म्हणजे दोन सरासऱ्यांत निदान एवढा फरक असला तरच तो खरा धरायचा ती मर्यादा, काढली की ०.६८ किलो येते. अ ची सरासरी ७.३, ब ७.९, क ८.१, ड ८.३. म्हणजे क आणि ड हे अ पेक्षा सरस ठरतात. ब आणि अ यांतला ०.६ चा फरक सीडीच्या आत राहतो. ब, क, ड तिघं ॲट पार, म्हणजे बरोबरीचे. इथे मुलं लिहून मोकळी होतात की "ड सर्वोत्तम". या आकड्यांवरून तसं म्हणता येत नाही, आणि एखाद्या शेतकऱ्याला पाला तोडून वाहून आणायचे कष्ट त्याच वाक्यापायी करावे लागणार असतील, तर ते वाक्य लिहिताना हात थांबलाच पाहिजे.

आणखी एक भीती नेहमी दिसते. ब्लॉकचं एफ मूल्य भरपूर मोठं आलं (इथे ते १८.८ आहे) की मुलं घाबरतात, प्रयोगात खोट निघाली असं त्यांना वाटतं. उलट आहे. ब्लॉक जिथे आखायला हवे होते तिथेच आखले गेले, हे तो आकडा सांगतो.

त्या मुलीचं काम पाच मिनिटांत झालं. फोनवरचा तिचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, कारण माझी स्वतःची चूक आठवली. ती पाच मिनिटांत सुटण्यातली नव्हती.

माझ्या एम.एस्सी.च्या वर्षी मी असाच भाताचा प्रयोग घेतला होता. उतारावर चार रुंद कुणगे, प्रत्येकात पाच प्लॉट मावत होते. ब्लॉक मी वरून खाली आखले, कारण रस्ता बाजूने जात होता आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना पाच पट्टे पाच पाट्यांसह दाखवणं सोपं होतं. म्हणजे प्रत्येक ब्लॉकमध्ये एक प्लॉट कोरड्या माथ्यावर आणि एक तळच्या गाळात. ब्लॉकच्या आत सारखेपणा हवा आणि फरक दोन ब्लॉकांमध्ये जावा, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. जमिनीवर नेमकं उलटं केलं. कुठली ट्रीटमेंट कुठल्या प्लॉटला जाणार यासाठी चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा साधा युरियाच तळच्या कुणग्यात तीनदा गेला.

ज्यांचे कुणगे होते ते आबा लावणीच्या दिवशी मेरेवर, म्हणजे बांधावर, बसून बघत होते. चिखळणी उरकून, दोऱ्या ताणून झाल्यावर म्हणाले, "गे बाय, पाणी ज्या वाटेन उतारता त्याच वाटेन तू दोरी मारलस. वयलो कुणगो पावस गेलो की चार दिसांत सुकता, सकयलो दिवाळीपर्यंत वलो रवता. दोनय एका दोरीत कशे?"

ब्लॉक म्हणजे काय हे इतक्या नेमकेपणाने मला आजवर दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही. मी हसून "होय आबा" म्हटलं आणि आराखड्याप्रमाणे लावणी उरकली. ते हसणं मला अजून बोचतं.

निकाल अर्थातच एन.एस. त्यावर एका अनुभवी माणसाने सुचवलं की उत्पन्न बघून प्लॉट पुन्हा गटांत लाव, जास्तवाले एकीकडे, कमीवाले एकीकडे, मग होईल सिग्निफिकंट. असं करायचं नसतं. ब्लॉक हा पीक यायच्या आधी दिसणाऱ्या गोष्टीवर ठरतो: उतार, पाणी, माती, सावली. उत्तर बघून गट पाडले तर त्रुटी मुद्दाम लहान होते आणि एफ मूल्याला काही अर्थ उरत नाही. पुढे कळलं की कुणगा हा आणखी एक घटक धरून थोडंफार सावरता येतं. पण युरिया आणि तळची ओल इतकी गुंतली होती की ती पुरती सोडवणं शक्य नव्हतं. मी एन.एस. लिहूनच थिसिस दिला.

रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडातल्या रोथॅमस्टेडला रुजू झाले, तेव्हा तिथल्या गव्हाच्या शेतात १८४३ पासूनचे प्रयोग चालू होते. वर्षानुवर्षांचे आकडे होते, पण खताचा परिणाम कुठला आणि जमिनीचा कुठला, हे वेगळं काढायला अवघड अशी त्यांची मांडणी होती. त्या कामातून ब्लॉक, चिठ्ठ्या आणि ही वर्गबेरजांची वाटणी पुढे आली. हे वाचताना मला दरवेळी आबा आठवतात.

आंब्याच्या बागेत ब्लॉक उतारावर ठरतोच असं नाही. तिथे एकेक झाड हाच प्लॉट. हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष दगा देतो. म्हणून झाडांचं वय, बुंध्याचा घेर आणि मागच्या वर्षांचं उत्पन्न पाहून सारखी झाडं एका ब्लॉकमध्ये घ्यावी लागतात, मग ती बागेत एकमेकांपासून दूर का असेनात. आणि मोहोरावरचे तुडतुडे मोजले असतील तर आकडे तसेच ॲनोव्हात घालू नका. मोजणी लहान असली, मधूनमधून शून्यही असलं, की प्रत्येक आकड्यात ०.५ मिळवून वर्गमूळ घ्यायचं, मग पुढचा हिशेब. साक्याची, म्हणजे आंब्याच्या गरात होणाऱ्या खराबीची, टक्केवारी असेल तर आर्कसाइन रूपांतर.

म्हशी प्लॉटमध्ये शिरल्या तर काय, हेही विचारलं जातं. इथे ते घडतंच. एक प्लॉट गेला म्हणून अख्खा ब्लॉक टाकू नये. ट्रीटमेंटच्या उरलेल्या बेरजेला ट्रीटमेंटच्या संख्येने गुणा, ब्लॉकच्या उरलेल्या बेरजेला ब्लॉकच्या संख्येने गुणा, दोन्ही मिळवून एकूण बेरीज वजा करा, आणि त्रुटीच्या मूळ मात्रांनी भागा. येणारा आकडा रिकाम्या जागी भरून हिशेब करायचा, पण त्रुटीची आणि एकूण अशी एकेक मात्रा कमी करायची. तो आकडा नवी माहिती नव्हे, त्याने फक्त हिशेब चालता होतो. थिसिसमध्ये "अमुक प्लॉट गुरांनी खाल्ला" असं स्पष्ट लिहा.

सकाळी त्या मुलीचा मेसेज आला. नवं ॲनोव्हा टेबल, खाली सीडी, सगळं नीट. आणि शेवटी एक प्रश्न: "ताई, पुढच्या खरिपाला शेजारच्या वाडीत जागा मिळतेय. आराखडा कधी काढू?"

मी कळवलं, मे महिन्यात ये, आपण दोघी आधी आबांना घेऊन मेरेवरून चालून येऊ. आबा आता काठी टेकत चालतात, पण पाणी कुठून उतरतं ते अजून बोटाने दाखवतात.