पांबनच्या पुलाकडे पाठ करून

रामेश्वरला जाणारे सगळे पांबनचा पूल आला की मोबाईल काढतात. पुलाबद्दल नेटवर हवं तेवढं आहे. मी मंडपमला, पुलाच्या अलीकडेच उतरले आणि गावाच्या उत्तरेच्या किनाऱ्यावर गेले. आधी वास येतो. मग पाण्याच्या रेषेला लागून तपकिरी ढिगारे दिसतात. बरोबरचे प्रवासी "शेवाळ कुजलंय" म्हणत नाक दाबून परत फिरले. पण हे शेवाळ नाही. याला मुळं असतात, फुलं येतात. हे समुद्री गवत, आणि पाल्कच्या उथळ उपसागरात त्याची कुरणंच्या कुरणं आहेत.

ढीग कसा वाचायचा ते आधी सांगते. नुसती सुकलेली तपकिरी पानं असतील तर काळजी नको, गवत जुनी पानं टाकतच असतं. या गवताच्या जाती पानांवरून ओळखता येतात. शेवयांसारखी गोल पानं सिरिंगोडियमची. चपटी, टोकाला बारीक दातरी असलेली सायमोडोसियाची. हातभर लांब पट्टे एन्हॅलसचे. मात्र पान हिरवं असेल आणि खाली पांढरट आडवं खोड, पेरांना मुळं आणि कोवळे फुटवे असतील, तर ते उपटलेलं आहे. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत वादळ उपटतं, पण समुद्र शांत असताना असे झुबके दिसले तर समजा की खाली काहीतरी ओढलं गेलंय. मला एन्हॅलसचं एक जाड खोड मिळालं, घोड्याच्या आयाळीसारखे काळे राठ केस असलेलं. पान वरून खाल्लं गेलं तर बुडातून परत वाढतं. खोड गेलं की हरळीसारखं चटकन पसरेल अशी आशा धरू नये. लहानखुरं हॅलोफिला काही महिन्यांत जागा भरतं, एन्हॅलसला वर्षं लागतात.

ओढतं कोण? इथे आठवड्याचे तीन दिवस ट्रॉलरचे, म्हणजे तळावरून जाळं ओढणाऱ्या मोठ्या बोटींचे, उरलेले लहान होड्यांचे. ट्रॉलरच्या जाळ्याचं तोंड उघडं ठेवणाऱ्या दोन फळ्या तळ नांगरत जातात आणि मधला भारी दोर गवत खरवडतो. त्याहून वाईट म्हणजे उडालेला गाळ. गवताला पृष्ठभागावरच्या उजेडाचा साधारण दहावा हिस्सा तरी लागतो, कित्येक शेवाळांचं त्याहून फार कमी उजेडात भागतं. त्यात सांडपाण्यातून आणि कोळंबीच्या तळ्यांतून खत मिळालं की पानांवर शेवाळाची साय चढते. म्हणजे जिथे जाळं पोचलंच नाही, तिथलं गवतही अंधारात मरतं.

सगळं खापर ट्रॉलरवर फोडणं मला पटत नाही. मालवणच्या रापणीचा इथला भाऊ म्हणजे करैवलै, किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. तेही किनाऱ्याला गवत घेऊनच येतं. आणि खेकड्यांचं जाळं! संध्याकाळी तळाला लावतात, पहाटे काढतात. निळ्या खेकड्याचे डेंगे न मोडता तो सोडवायचा असतो, कारण मोडका खेकडा स्वस्तात जातो. मग सुरी घेऊन जाळंच कापतात, आणि नायलॉनचे तुकडे पुन्हा गवतात अडकतात. एका जाळ्यातून बायकांनी खेकडे काढल्यावर खाली उरलं ते पाहिलं: गवताचा पसाभर गुंता, बोटभर रॅबिटफिश (ओरा म्हणतात त्याला), चांदीच्या पत्र्यासारखे कारल मासे, आणि एक मेलेला समुद्रघोडा. समुद्रघोड्याला २००१ मध्ये वाघाइतकं कायद्याचं संरक्षण मिळालं. जाळ्याला ते माहीत नाही.

गवत विरळ झालं की मासे एकदम संपत नाहीत, बदलतात. पानांत लपणारी आणि पानं खाणारी पिल्लं आधी जातात, उघड्या वाळूवर जगणारे मासे टिकतात. म्हणून जाळं भरलेलं दिसलं तरी आत काय भरलंय ते पाहावं लागतं.

दुसऱ्या दिवशी उत्तरेला, तंजावरच्या बाजूला गेले. तिथला किनारी बुरूज तंजावरच्या आपल्या मराठा सरफोजीराजांनी बांधलेला, आणि नाव अजून 'मनोरा'च. या पट्ट्यात सप्टेंबर २०२२ पासून ४४८ चौरस किलोमीटरचं डुगाँग राखीव क्षेत्र आहे. डुगाँग म्हणजे समुद्री गाय, तिचं पोट या गवतावरच चालतं. इथे गवत लावतात ते बांबूच्या मीटरभर चौकटींत: काथ्याने फुटवे बांधायचे आणि चौकट तळाला बसवायची. बांबू-काथ्या कुजेपर्यंत मुळं धरली तर जमलं. फुटव्याला वाढतं टोक आणि तीन-चार पेरं हवीत, तो वाळू द्यायचा नाही, त्याच दिवशी लावायचा. आणि जिथे पूर्वी गवत होतं तिथेच लावायचं. जाळी फिरणं बंद झालेलं नसेल तर बांबूही वाया जातो.

परत मंडपमला येऊन गवत बघायला होडी घेतली आणि तिथे डोकं फिरलं. नावाड्याने नेमका गवतातच नांगर टाकला! साखळी वाऱ्याबरोबर फिरते आणि गोल टक्कल पाडते. शेजारी शंभर पावलांवर वाळूचा उघडा पट्टा होता. खुणेने, मोडक्या तमिळमध्ये सांगितलं, तर म्हणाला, तिथून तुम्हाला गवत दिसणार नाही. तेही खरंच होतं. तुम्ही गेलात तर होडीत बसायच्या आधीच बोला, नांगर वाळूत, तिथून पोहत जायचं, पाय टेकायचे नाहीत. मी आधी बोलले नव्हते. नांगर वर आला तेव्हा त्याच्या आकड्यांत पाच-सहा पेरांचं सायमोडोसिया होतं, टोकाला कोवळा फुटवा.