जेलवर शिडी उमटलीच नाही

जुलैतली दुपार, परळमधली आमची प्रयोगशाळा. पेशींमधून केंद्रकं वेगळी काढून त्यातला डीएनए एमनेज या एन्झाइमने कापायला ठेवला होता. तुकडे आकाराप्रमाणे वेगळे करणारं १.५ टक्के ॲगरोजचं जेल यूव्हीखाली धरलं. कंट्रोलच्या (औषध न दिलेल्या पेशींच्या) लेनमध्ये पट्ट्यांची शिडी स्वच्छ होती: १५० बेसजोड्यांच्या आसपास एका न्यूक्लिओसोमचा (प्रथिनांभोवती गुंडाळलेल्या डीएनएच्या एका मण्याचा) पट्टा, त्यावर दोनाचा, तिनाचा. औषध दिलेल्या हेला पेशींच्या (या मानवी कर्करोगपेशी) लेनमध्ये मात्र सगळा डीएनए वेलपाशीच, म्हणजे नमुना भरायच्या खाचेपाशीच, थबकलेला.

औषध बीआरजी१ या प्रथिनाचं एटीपीएज, म्हणजे एटीपीतून ऊर्जा काढणारा भाग, रोखणारं. न्यूक्लिओसोम सरकवणारं यंत्र बंद पडलं म्हणून क्रोमॅटिन (न्यूक्लिओसोमांची माळ) मिटलं, असा अर्थ लावायचा मोह होण्यासारखंच चित्र होतं. मला ते पटेना. मिटलेल्या क्रोमॅटिनमध्येही न्यूक्लिओसोमांमधला दुवा एमनेजला थोडाफार सापडतोच. ३७ अंशांवर ५ मिनिटं, एन्झाइम सोळापट वाढवूनही एकसुद्धा काप नाही, म्हणजे एन्झाइमच चाललं नव्हतं.

एमनेजला कॅल्शियम लागतं. पहिला संशय कॅल्शियम क्लोराइडवर. मुंबईच्या पावसाळ्यात त्याची बाटली हवेतलं पाणी ओढते आणि वजन फसवं येतं. पण कंट्रोललाही तेच द्रावण घातलं होतं, तेव्हा तो मुद्दा निकालात निघाला.

मग केंद्रकं धुतानाच्या नोंदी काढल्या. धुण्याच्या बफरमध्ये कॅल्शियम पकडून ठेवणारं २ मिलीमोलर ईजीटीए असतं. ते उगाच नसतं. केंद्रकात स्वतःचंच कॅल्शियमवर चालणारं न्यूक्लिएज (डीएनए कापणारं एन्झाइम) असतं. १९७३ साली हेविश आणि बर्गॉइन यांना उंदराच्या यकृताच्या केंद्रकांत ही शिडी दिसली ती त्याच्याचमुळे. ईजीटीए ते थोपवतं आणि मॅग्नेशियमला फारसा हात लावत नाही.

औषधाने पेशी कमी उरल्या होत्या. पेलेट, म्हणजे नळीच्या तळाशी बसलेला केंद्रकांचा थर, इवलंसं आणि सैल. ते पिपेटमध्ये ओढलं जाईल या भीतीने वरचं १०० मायक्रोलीटर द्रव तसंच ठेवलं गेलं. त्यात १ मिलीमोलर कॅल्शियमचा बफर १०० मायक्रोलीटर घातल्यावर कॅल्शियम ०.५ आणि ईजीटीए १ मिलीमोलर! एन्झाइमसाठी काहीच शिल्लक नाही. कंट्रोलमध्ये जेमतेम १० मायक्रोलीटर उरलं होतं.

खात्रीसाठी उरलेल्या केंद्रकांत कॅल्शियम ३ मिलीमोलरपर्यंत वाढवून तोच प्रयोग केला. शिडी उमटली.

दुसऱ्या फेरीत ट्रिपॅन ब्लू हा रंग घालून दोन्हीकडची केंद्रकं मोजून सारखी घेतली (पेलेटचा आकार बघून अंदाज करणं इथे अजिबात चालत नाही). शेवटची धुलाई ईजीटीएविना, ४ अंशांवर ५०० जीने (गुरुत्वाकर्षणाच्या ५०० पट जोराने) ५ मिनिटं फिरवून, वरचं द्रव बारीक टिपने दोनदा काढलं. एमनेज थांबवायला कॅल्शियम पकडणारं १० मिलीमोलर ईडीटीए, मग प्रथिनं पचवणारं प्रोटीनेज के. या वेळी दोन्हीकडच्या शिड्या जवळपास सारख्या आल्या. तेही समजण्यासारखं आहे: बीआरजी१चा परिणाम ठरावीक एन्हान्सरांवर (जनुकं चेतवणाऱ्या डीएनएच्या जागांवर) होतो आणि अख्ख्या जीनोमच्या शिडीत तो बुडून जातो. त्यासाठी १४७ बेसजोड्यांचा पट्टा कापून त्या जागांचं क्यूपीसीआर (डीएनएचं प्रमाण मोजणारी चाचणी) लावलं.