दगडी विळा, खेप तिसरी

ताम्रपाषाणयुगात, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरात असताना, असायचा तसा दगडी पात्यांचा विळा बनवून त्याने जव कापून पाहायचा, हा माझा प्रयोग. गेल्या खेपेला फजिती झाली. पाती बाभळीच्या डिंकाने बसवली होती. पहाटेच्या दवात डिंक सुटला आणि अर्धी पाती जवाच्या धाटांत गळून पडली. यंदा राळ, मेण आणि वस्त्रगाळ कोळसा असं एकत्र वितळवून विळ्याच्या खाचेत भरलं. मेण जास्त झालं की उन्हात मऊ पडतं, राळ जास्त झाली की ठिसूळ होतं. चौथ्या घाण्याला जमलं.

पात्यांसाठी गारगोट्या घोडनदीच्या पात्रातून आणल्या. पांढरीवरून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावरून, नव्हे; तिथलं खापरही उचलायचं नाही, हे नव्या मंडळींसाठी पुन्हा सांगतो. दगडाच्या एका कडेवर आलटूनपालटून दोन्ही बाजूंनी टवके काढले की नागमोडी कणा तयार होतो. त्या कण्यावर नेमका ठोका बसला, तर पहिलं लांब पातं सुटतं आणि मागोमाग सरळ पाती निघू लागतात. ताम्रपाषाणयुगातल्या कारागिरांची हीच रीत. माझी बावीस गारगोट्यांत अकरा पाती निघाली. त्यांचा हात माझ्यापेक्षा किती बसलेला होता, ते यावरून ओळखा.

तांबं असताना दगड कशाला, असं मागे एकाने विचारलं होतं. तांबं दुर्मीळ होतं, गारगोटी दख्खनच्या नदीत हवी तेवढी. मला वाटतं, शेती इतक्या दूर पसरली त्यात या हलक्या सरंजामाचाही वाटा असावा. इ.स.पू. ७०००च्या सुमारास बलुचिस्तानातल्या मेहरगढला जव पिकत होता. पुणे जिल्ह्यातल्या घोडनदीकाठच्या इनामगावला, तिथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत, तो पोचला इ.स.पू. १६००च्या आसपास, माळवा संस्कृतीच्या लोकांबरोबर. पुढे, माळवानंतरच्या जोर्वे संस्कृतीच्या काळातही तिथलं मुख्य पीक जवच. बियाणं बांधून आणायचं, विळ्याची पाती वाटेतल्या नदीत शोधायची.

कापणी फाल्गुनात, मामांच्या रानात, दहा बाय दहा फुटांच्या तुकड्यावर. मूठभर धाटं धरून विळा अंगाकडे ओढला की कर्रकर्र आवाज येतो. लोखंडी विळ्यासारखं सपकन कापत नाही, करवतीसारखं जातं. मामा बांधावर बसून म्हणाले, "अरे, नुसतं उपटलं असतंस तर केव्हाच झालं असतं."

एक वाफा उपटून पाहिला. खरंच निम्म्या वेळात झाला! पण मुळांना काळ्या मातीची ढेकळं आली, मळणीत ती ओंब्यांत मिसळली, आणि त्या पिठाच्या भाकरीत कचकच इतकी, की मामांनी पहिलाच घास बाजूला काढला. विळ्याच्या वाफ्याची भाकरी मात्र खाल्ली.

अकरापैकी नऊ पाती जागेवर आहेत. उत्खननातल्या पात्यांवर धाटांच्या घासण्याने येते तशी चकाकी अजून दिसत नाही. भिंगाखाली धार जराशी बोथटलेली दिसते, एवढंच. पुढच्या रविवारी शेजारच्यांचा गहू मागितला आहे. लोखंडी विळाही बरोबर आण, असं त्यांनी बजावलंय.