गोड सोडणं सोपं असतं

लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपासकाळाचे, ४० दिवस मी गोड खात नाही. फार काही जड जात नाही ते. उलट समोरची बशी बाजूला सारताना मनात एक बारीकसा तोरा असतो. उपास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, असं येशूने का बजावलं, ते त्या तोऱ्यामुळेच मला कळलं.

जड जातं ते वेगळंच. सासऱ्यांना हल्ली आठवत नाही. ‘दिवा बंद केलास का?’ केला म्हणून सांगावं, तर पाणी पिऊन होईपर्यंत पुन्हा तेच. ‘आत्ताच सांगितलं ना!’ हे माझ्या जिभेवर तयारच असतं, आणि ते खरंही असतं. तिथेच तर घोळ आहे. आपलं चुकलं असेल तर माघार घेता येते. बरोबर असताना तोंड आवरायचं आणि पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ‘हो बाबा, केला’ म्हणायचं, यात माझा कस लागतो.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात, आठव्या अध्यायात, येशूचा शिष्य पेत्र त्याला ‘तू ख्रिस्त आहेस’, म्हणजे देवाने पाठवलेला तारणारा आहेस, असं म्हणतो आणि लगेच येशूला बाजूला घेऊन दटावतो. आपल्याला दुःख सोसावं लागेल, ही येशूची भाषा त्याला नको असते. स्वतःचा नाकार करा, वधस्तंभ म्हणजे क्रूस उचला, हे येशूचं बोलणं त्याच्यापाठोपाठ येतं. पेत्र काही चैनी माणूस नव्हता. तो मासेमार, आणि येशूमागे जाताना जाळी तर त्याने कधीच सोडली होती. ख्रिस्ताने कसं वागावं याबद्दलचा स्वतःचा हट्ट तेवढा सुटला नव्हता.

स्वतःचा नाकार म्हणजे असा हट्ट सोडणं, मुकाट मार खाणं नव्हे. म्हणून कोणी मार खाणाऱ्या बाईला ‘हाच तुझा वधस्तंभ’ म्हणून गप्प बसवलं की माझं डोकं फिरतं. महायाजकापुढे शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा येशूने ‘मला का मारतोस?’ असं सरळ विचारलं होतं. बायबलमधला योहान, अध्याय १८ काढून बघा.

माझ्या हट्टाचं म्हणाल तर, बाबांचं सगळं मीच करते, हे मला मनातून आवडतं. परवा नणंदेला फोन केला, शनिवारी तू थांबशील का म्हणून. ती लगेच हो म्हणाली. आता ती बाबांचं कपाट तिच्या पद्धतीने लावणार, टॉवेल भलत्याच खणात ठेवणार. मी ते पुन्हा लावायचं नाही, असं ठरवलंय. बघू.