मुरूम आणि गोटे

जंगलातला कच्चा रस्ता म्हटला की लोक आधी मोठ्या गाडीची चौकशी करतात. खान्देशात डोंगराच्या पायथ्यापर्यंत जायला एरवी साधी हॅचबॅक पुरते. बघायचा तो चाकाखालचा दगड. चाळीसगावकडे, पाटणादेवीच्या बाजूच्या गौताळ्याच्या रानात झिजलेल्या काळ्या पाषाणाचा मुरूम आहे. त्याचे कोपरे एकमेकांत रुततात आणि रस्ता दबून घट्ट बसतो. उत्तरेला यावल-रावेरच्या केळीबागा मागे पडल्या की सातपुड्यातल्या नद्यांनी लोटत आणलेल्या गोट्यांचा पट्टा लागतो. गोल गोटा चाकाखाली घरंगळतो. म्हणून सातपुड्यातल्या पाल गावाकडे जाताना ब्रेक जरा आधीच दाबावा, तोही हलक्या पायानं.

डांबर सुटण्याआधी टायरची हवा तीन-चार पाउंडांनी कमी केली तर गाडी उसळत नाही. त्याहून कमी केली तर टोकदार दगडावर टायर रिमशी चेचून फाटतो. परतताना हवा पुन्हा भरायची, हे बरेच जण विसरतात.

बैलगाडी-ट्रॅक्टरची चाकोरी खोल असेल तर तिच्यात उतरू नये. एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं कडेला ठेवलं की गाडीच्या पोटाखालचं ऑइलचं चेंबर वाचतं. चढावर आणि वळणाच्या तोंडाशी रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा उठलेल्या असतात. वेगातलं चाक उसळून आदळतं, खडी ढकलत नेतं, आणि पुढची गाडी नेमकी तिथेच आदळते. ताशी वीस-पंचवीसच्या वेगानं या लाटा निमूट पार होतात. उतारावर दुसरा गिअर, ब्रेकवर पाय टेकवून ठेवायचा नाही. पुढच्या गाडीचा फुफाटा बसेपर्यंत मागेच थांबावं. तेवढ्यासाठी काच वर करून उकडून घ्यायचं कशाला?

पायथ्याचा नाला फसवा. गोट्यांत पाणी झटकन मुरतं, त्यामुळे तो कोरडा दिसतो. वर डोंगरात पाऊस झाला की खाली लख्ख ऊन असतानाही लोंढा येतो. पाणी वाहत असेल तर त्यात गाडी घालू नये, ओसरेपर्यंत थांबावं. कोरडा नाला पहिल्या गिअरवर, मध्येच क्लच न दाबता पार करावा.

स्टेपनीत हवा आहे का ते घरीच बघावं. जॅकखाली ठेवायला लाकडी फळी हवी, नाहीतर मुरमात जॅक रुततो आणि गाडी जागची हलत नाही. पायवाट सुरू होते तिथे गाडी वळवून, तोंड परतीकडे करून लावावी. सायलेन्सर तापलेला असतो, सागाच्या वाळल्या पाचोळ्यावर तर मुळीच लावू नये.

मार्च-एप्रिलात पहाटे निघालात तर आणखी सावकाश जा. रस्त्याच्या कडेला मोहाखाली बायका-पोरं टोपल्या घेऊन फुलं वेचत बसलेली असतात. फुलं ओली, चिकट. एक गाडी जोरात गेली की सगळ्या वेचणीवर धुळीचा थर बसतो.