खबऱ्या असल्याच्या संशयावरून

गडचिरोलीच्या बातम्या नियमित वाचणाऱ्याला एक वाक्य पाठ झालेले असते: पोलिसांचा खबऱ्या असल्याच्या संशयावरून नक्षल्यांकडून हत्या. गाव, तालुका आणि मृताचे वय तेवढे बदलते. त्या वाक्यातला ‘संशय’ हा शब्द मला वर्षानुवर्षे अस्वस्थ करीत आला आहे.

२२ एप्रिल २०१८ रोजी भामरागड भागातील कसनासूर-बोरियाच्या जंगलात गडचिरोली पोलिसांच्या सी-६० या नक्षलविरोधी पथकाची नक्षल्यांशी चकमक झाली आणि इंद्रावती नदीत नंतर सापडलेले मृतदेह धरून मृतांची संख्या तिसांहून अधिक झाली. एवढ्या मोठ्या तळाची खबर कोणी दिली, हा प्रश्न जंगलात विचारला जाणारच होता. नऊ महिन्यांनी, जानेवारी २०१९ मध्ये, नक्षल्यांनी कसनासूरच्याच तिघांना ठार मारले, त्या चकमकीची खबर यांनीच दिली असा फलक तेथे लावला, आणि भेदरलेल्या गावकऱ्यांनी घरेदारे सोडून पोलीस केंद्र असलेले ताडगाव गाठले.

गुन्ह्याची माहिती कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही, असे १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम १२५ सांगत होते, आणि नव्या साक्ष्य अधिनियमातही ती तरतूद कायम आहे. हे संरक्षण न्यायालयाच्या खोलीत पुरते. थोड्याशा घरांच्या माडिया आदिवासींच्या गावात मात्र ठाण्याकडे कोण गेला, कोणाच्या मुलाने पोलीस भरतीचा अर्ज भरला, पोलिसांच्या जनजागरण मेळाव्यात कोण पुढे बसला, हे सर्वांना दिसत असते. तेथे खऱ्या खबऱ्याचे नाव जितके गुप्त राहते, तितका संशय इतरांवर पसरत जातो. शहरातला खबऱ्या निदान आपण कोणता व्यवहार करीत आहोत हे जाणून असतो. येथे ज्याने व्यवहारच केला नाही, तोही त्याची किंमत मोजतो.

हत्येनंतर पोलीस अनेकदा जाहीर करतात की मृत व्यक्ती आमची खबरी नव्हती. हे पूर्ण खरे असले तरी कुटुंबाच्या उपयोगाचे नाही, कारण ती व्यक्ती खबरी असती तरीही पोलिसांनी हेच सांगितले असते.

पोलिसांनी खबऱ्या वापरूच नये, असे मी म्हणत नाही; खबर नसताना जंगलात शिरलेल्या पथकाच्या हातून निरपराध माणसे मरण्याची भीती अधिक असते. परंतु एखाद्या गावाजवळ कारवाई होते तेव्हा तिच्यानंतरच्या महिन्यांत त्या गावाचे रक्षण कसे करायचे, हे कारवाईच्या आराखड्यातच ठरलेले असले पाहिजे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षल्यांचा वरिष्ठ नेता भूपती याच्यासह सुमारे ६० जणांनी गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. शरण आलेल्यांच्या जबाबांत इतर कारवायांबरोबर हेही नोंदवले जावे की कोणाला, कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणत्या आधारावर खबऱ्या ठरवले गेले, आणि ज्यांच्याविरुद्ध काहीच आधार नव्हता त्यांच्या घरच्यांना ते लेखी कळवले जावे.