ओला मुद्देमाल

जुलैतली पहाट. रबाळे एमआयडीसीतल्या एका गाळ्यात चोरी झालेली, वॉचमनच्या डोक्यात पाना घालून दोघं मागच्या भिंतीवरून पसार. आम्ही पोचलो तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता, पण पारसिकच्या डोंगरावर आभाळ पुन्हा भरून आलं होतं. हातात फार तर अर्धा तास.

आत रक्त सांडलेलं असताना बाहेरच्या चिखलाकडे आधी जायचं हे पंचांना चमत्कारिक वाटतं. पण छपराखालचं दुपारपर्यंत टिकतं, उघड्यावरचं टिकत नाही. भिंतीलगत बुटांचे तीन ठसे होते, एकात पाणी साचलेलं. गाडीतली घमेली काढून आधी तिन्ही ठशांवर पालथी घातली, मग एकेक उघडून फोटो. मोजपट्टी ठशाशेजारी, त्याच्याच पातळीला. कॅमेरा तिवईवर, बरोबर वरून. टॉर्च मात्र जमिनीलगत आडवा, तीन-चार बाजूंनी. उजेड वरून पडला की सोलवरचे काप आणि झीज दिसेनाशी होते, आणि हाच तो बूट हे ठरतं ते त्यांच्यावरूनच.

साच्याला डेंटल स्टोन, म्हणजे दातांचे साचे घ्यायची टणक भुकटी. प्लास्टर ऑफ पॅरिस स्वस्त पडतं, पण ठिसूळ असतं, उचलताना कडा तुटतात. जाड पिशवीत सुमारे ९०० ग्रॅम भुकटी, ३०० ते ३५० मिली पाणी, बाहेरूनच मळायचं. धिरड्याच्या पिठासारखं सरसरीत झालं की ठशाच्या बाजूला ओतायचं आणि वाहत वाहत आत जाऊ द्यायचं. थेट ठशावर धार सोडली तर बारीक खुणा तिथेच मोडतात. पाणी साचलेल्या ठशातलं पाणी उपसायचं नाही. भोवती पत्र्याची पट्टी उभी केली, कोरडी भुकटी चाळून टाकली, वर थोडं दाट मिश्रण. साचा ओला असतानाच पाठीवर काडीने तारीख, ठशाचा क्रमांक, सही आणि उत्तरेची खूण. एरवी अर्ध्या तासात उचलता येतो, या हवेत तासभर थांबलो. खाली चिकटलेला चिखल तसाच ठेवला. जागेवर तो पुसायचा मोह फार होतो, आणि त्याच्याबरोबर ठसाही जातो.

आतलं काम नेहमीचं. वाळलेल्या रक्ताला डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओलावलेला सुती स्वॅब, तुलनेसाठी शेजारच्या स्वच्छ फरशीचा वेगळा कंट्रोल स्वॅब, दर नमुन्याला नवे हातमोजे. पाना भिंतीपलीकडे भिजलेला सापडला. ओल्या लोखंडावर फिंगरप्रिंटची पावडर मारली की तिचा लगदा होतो आणि असलेली रेघही पुसली जाते. वर त्यावर रक्तही असू शकतं. म्हणून जागेवर काहीच न करता तो सुकू दिला आणि खोक्याच्या पुठ्ठ्याला दोन टोकांना असा बांधला की मधला भाग कशालाही घासणार नाही.

सीसीटीव्हीचं चित्रीकरण साठवणाऱ्या डीव्हीआरचं घड्याळ ११ मिनिटं पुढे होतं. ते दुरुस्त करायचं नसतं. डीव्हीआरचा पडदा आणि मोबाईलवरची वेळ एकाच फोटोत घेतली, फरक पंचनाम्यात लिहिला. फुटेजची हॅश व्हॅल्यू काढली, म्हणजे फाइलमध्ये जरा बदल झाला तरी बदलणारा तिचा सांकेतिक आकडा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात ती लागते. १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही बंधनकारक आहे, त्यामुळे सील लावतानाचे हात आणि लाख दोन्ही कॅमेऱ्यात आले पाहिजेत.

दुपारी रुग्णालयातून वॉचमनकाकांचा शर्ट आणि बनियन आला. प्लास्टिकच्या कॅरीबॅगेत, वर घट्ट गाठ. मला सगळ्यात जास्त धास्ती याचीच असते. पावसाने नेलेला ठसा निदान गेलेला दिसतो. पिशवीत ओलं रक्त कुजतं, जंतू वाढतात, डीएनएचे तुकडे होतात, आणि हे कळतं थेट कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा रिपोर्ट आल्यावर. तोवर पुन्हा नमुना घ्यायला काही उरलेलं नसतं. कापडाचं पाकीट किंवा खाकी कागद पाच-दहा रुपयांत मिळतो, तरी हीच चूक दर पावसाळ्यात होते.

गाठ लगेच सोडली. कपडे कुणी, किती वाजता, कशात दिले हे जसंच्या तसं लिहून घेतलं, प्लास्टिकसकट. ते लपवलं की उलटतपासणीत तिथेच बोट ठेवतात. बंद खोलीत स्वच्छ कागद अंथरले, शर्ट एकीकडे, बनियन दुसरीकडे. ऊन नाही, हीटर नाही, पंख्याचा थेट वारा नाही. कॅरीबॅगही वेगळी ठेवली.

शर्ट दुसऱ्या संध्याकाळी वाळला. बनियनला तिसरी सकाळ उजाडली. डाग तपकिरी, कडक, कुजका वास नाही. डागावर डाग येऊ नये म्हणून घड्यांमध्ये कागद घातले, पाकिटावर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी, लाखेचं सील, आणि सीलचा नमुना सोबतच्या पत्रावर. मग बनियनखालचा कागद घडी घालायला उचलला, तर त्यावर दोन आखूड काळे केस पडलेले होते. वॉचमनकाकांचे केस पूर्ण पांढरे. कागद तसाच दुमडून तिसऱ्या पाकिटात घातला आणि पंचांना पुन्हा बोलावलं.